विधानसभा निवडणुकीतील विद्यमान आमदार आणि आव्हानवीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीची चर्चा सुरू झाली की ‘विद्यमान’, ‘प्रस्थापित’, ‘आव्हानवीर’ (म्हणजे विद्यमान आमदाराविरुद्ध लढणारा उमेदवार) आणि ‘सत्ताविरोधी लाट’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि त्यातूनच बरेचसे गैरसमज निर्माण होतात. मतदारांकडून आणि नव्या कार्यकर्त्यांकडून सातत्याने येणारे काही प्रश्न व त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः २०१४, २०१९ आणि २०२४ च्या निवडणुकांतील आहेत.

‘विद्यमान आमदार’ अशी काही कायदेशीर व्याख्या आहे का?

उमेदवार म्हणून नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ फक्त ‘उमेदवार’ ओळखतो. तो आधी निवडून आलेला आहे की पहिल्यांदाच उभा आहे, याने उमेदवारीच्या अटींत काहीही फरक पडत नाही. विधानसभेची मुदत राज्यघटनेच्या अनुच्छेद १७२ नुसार पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे असते, आणि ती संपेपर्यंत किंवा सभागृह विसर्जित होईपर्यंत सदस्य आमदारच राहतो. मागील विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ पर्यंत होती. त्यामुळे २० नोव्हेंबरच्या मतदानाच्या दिवशी त्या सभागृहाचे सदस्य पदावर असतानाच उमेदवार म्हणूनही मतदारांसमोर होते. आमदारपदाला कार्यकाळाची कमाल मर्यादाही नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ पासून एकूण ११ वेळा विधानसभेवर निवडून गेले.

विद्यमान आणि प्रस्थापित हे एकच नव्हेत का?

नव्हेत, आणि निवडणूक समजून घ्यायची असेल तर हा भेद सर्वांत आधी करायला हवा. विद्यमान म्हणजे आज ज्याच्याकडे जागा आहे तो. प्रस्थापित म्हणजे ज्याच्याकडे घराणे, कारखाना, बँक, शिक्षणसंस्था किंवा पक्षसंघटना यांच्या रूपाने टिकाऊ सत्ता आहे तो. महाराष्ट्रात पुष्कळदा विद्यमान आमदार हाच नवखा असतो आणि त्याला आव्हान देणारा मुरलेला प्रस्थापित असतो. कर्जत-जामखेडमध्ये २०१९ साली राज्याचे मंत्री असलेले राम शिंदे विद्यमान होते आणि रोहित पवार पहिल्यांदाच विधानसभा लढवत होते. परंतु त्या लढतीत ‘नवखा’ कोण आणि ‘प्रस्थापित’ कोण, हे घराण्याच्या बाजूने पाहिले तर एक उत्तर येते आणि मंत्रिपदाच्या बाजूने पाहिले तर दुसरेच. पवार तेव्हा जिंकले. २०२४ मध्ये त्याच दोघांच्या लढतीत विद्यमान म्हणून उतरलेल्या पवारांनी ती जागा केवळ १,२४३ मतांनी राखली.

आव्हानवीर हा बहुतेक वेळा माजी आमदार असतो किंवा माजी आमदाराच्या घरातला असतो, ही दुसरी गोष्ट. जालना मतदारसंघात २०१४ साली कैलास गोरंट्याल यांना अर्जुन खोतकर यांनी २९६ मतांनी हरवले, २०१९ मध्ये गोरंट्याल यांनी खोतकरांना हरवले आणि २०२४ मध्ये खोतकर पुन्हा विजयी झाले. तिन्ही वेळा विद्यमान आमदार पडला, तरी मतदारसंघाला नवा चेहरा एकदाही मिळाला नाही. कुडाळमध्ये वैभव नाईक यांनी २०१४ साली नारायण राणे यांचा पराभव केला. दहा वर्षांनी नाईक विद्यमान असताना नीलेश राणे यांनी त्यांना हरवले. सांगोल्यात शहाजीबापू पाटील यांनी १९९५ मध्ये गणपतरावांना पराभूत केले होते. २०२४ मध्ये विद्यमान आमदार असलेल्या शहाजीबापूंना गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुख यांनी हरवले. ‘परिवर्तन झाले’ असे निकालाच्या दिवशी म्हणणारे बरोबर असतात, परंतु हे परिवर्तन अनेकदा एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात झालेले असते.

आव्हानवीराला उमेदवारी अर्ज भरण्यासाठी वेगळे नियम आहेत का?

विद्यमान आणि नवा असा भेद नाही. भेद आहे तो मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार आणि इतर असा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातील एक सूचक (अर्जावर नाव सुचवून सही करणारा मतदार) पुरतो, तर अपक्षाला व नोंदणीकृत परंतु अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात. वय किमान २५ वर्षे पूर्ण असावे लागते, अनामत रक्कम १०,००० रुपये असते आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी, म्हणजे ५,००० रुपये, भरावी लागते. उमेदवार राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाचा मतदार असला तरी चालते, त्यामुळे ‘बाहेरचा उमेदवार’ हा प्रचारातला मुद्दा असू शकतो, अर्ज फेटाळण्याचे कारण नाही. एका व्यक्तीला एकाच वेळी दोनपेक्षा अधिक मतदारसंघांतून लढता येत नाही.

मतदानयंत्रावर विद्यमान आमदाराचे नाव वर येते का?

नाही. आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत अमान्यताप्राप्त पक्षांचे आणि शेवटी अपक्ष, असे तीन गट असतात व प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमे लावली जातात. नाव, छायाचित्र आणि चिन्ह एवढेच मतदाराला दिसते. सध्याचा आमदार कोण, याची खूण कोठेही नसते. छायाचित्र छापण्याचे एक कारण नामसाधर्म्य हे आहे, कारण बलाढ्य उमेदवाराच्या नावाचे अपक्ष उभे करून चार-पाचशे मते फिरवण्याची क्लृप्ती आपल्याकडे जुनी आहे.

पक्ष स्वतःच्याच विद्यमान आमदाराचे तिकीट का कापतो?

स्थानिक नाराजी सरकारवर न येता व्यक्तीवर जावी, हा एक हिशेब असतो. मतदार सरकारवर खूश पण आमदारावर नाखूश असेल, तर चेहरा बदलून जागा वाचवता येईल असे पक्षाला वाटते. दुसरे कारण पक्षांतर्गत असते, आणि माझ्या मते ते जितके सांगितले जाते त्यापेक्षा अधिक वेळा निर्णायक ठरते. भारतीय जनता पक्षाने २०१९ मध्ये एकनाथ खडसे, विनोद तावडे, प्रकाश मेहता आणि चंद्रशेखर बावनकुळे या ज्येष्ठ नेत्यांना उमेदवारी नाकारली. मुक्ताईनगरमध्ये खडसे यांच्याऐवजी त्यांची कन्या रोहिणी खडसे यांना तिकीट मिळाले. तेथे मित्रपक्षातील बंडखोर चंद्रकांत पाटील अपक्ष म्हणून निवडून आले. बावनकुळे मात्र २०२४ मध्ये कामठीतून पुन्हा लढले आणि जिंकले. तिकीट कापल्याने राजकीय कारकीर्द संपतेच असे नाही, हे यावरून दिसते.

तिकीट कोणाला मिळाले याचा कायदेशीर पुरावा म्हणजे ए आणि बी फॉर्म. ज्याच्या हातात बी फॉर्म तो पक्षाचा अधिकृत उमेदवार. विद्यमान आमदार असूनही तो न मिळालेल्याला पक्षाचे चिन्ह मिळत नाही.

पक्ष फुटल्यानंतर ‘विद्यमान’ जागा कोणाची मानायची?

२०२४ च्या निवडणुकीत हा प्रश्न खरोखरच गुंतागुंतीचा झाला होता. शिवसेनेत जून २०२२ मध्ये आणि राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये जुलै २०२३ मध्ये फूट पडली. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेना हे नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीचे नाव व घड्याळ अजित पवार यांच्या गटाला दिले. परिणामी काही ठिकाणी मतदारासमोर तोच आमदार नव्या चिन्हावर आला, तर काही ठिकाणी ओळखीचे चिन्ह वेगळ्या माणसाच्या हातात दिसले. वरळीत आदित्य ठाकरे विद्यमान होते, पण २०१९ मध्ये धनुष्यबाणावर निवडून आलेले ते या वेळी मशाल घेऊन उभे होते. शेजारच्या माहीममध्ये विद्यमान आमदार सदा सरवणकर धनुष्यबाणासह शिंदे गटात होते. तेथे ठाकरे गटाचे महेश सावंत जिंकले आणि मनसेचे अमित ठाकरे तिसऱ्या स्थानी राहिले.

जागावाटपात ‘सिटिंग आमदाराची जागा त्याच्याच पक्षाकडे’ हे सूत्र सर्वच आघाड्या वापरतात. परंतु मागच्या वेळी जिंकलेला पक्षच दुभंगला असेल, तर जागेवरचा दावा माणसाचा की मूळ पक्षाचा, याचे उत्तर वाटाघाटीच्या टेबलावरच ठरते.

विद्यमान आमदाराला नेमका कोणता फायदा असतो?

सर्वांत दिसणारा फायदा म्हणजे आमदार स्थानिक विकास निधी. ही रक्कम वर्षाला ५ कोटी रुपये असून ती आमदाराच्या खिशात जात नाही, कामे जिल्हा यंत्रणेमार्फत होतात. परंतु कोणत्या वाडीत सभामंडप आणि कोणत्या प्रभागात पेव्हर ब्लॉक, हे सुचवण्याचा अधिकार त्याचा असतो आणि फलकावर नावही त्याचेच लागते. त्याखेरीज सभागृहात तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना किंवा औचित्याचा मुद्दा मांडण्याची संधी आणि जिल्हाधिकारी कार्यालयापासून तहसीलपर्यंत ऐकून घेतले जाण्याची सवलत त्याला मिळते. आव्हानवीराला यांतले काहीच नसते. मात्र पाच वर्षे लग्न, दहावा, वास्तुशांत आणि कीर्तन सप्ताह येथे हजेरी लावणे त्याला शक्य असते, आणि अधिवेशनासाठी मुंबई किंवा नागपुरात अडकलेल्या आमदारापेक्षा त्याला त्यासाठी वेळही अधिक असतो. मतदारसंघातील मोकळा वेळ हे आव्हानवीराचे मोठे भांडवल असते, याकडे क्वचितच लक्ष दिले जाते.

याच फायद्याची दुसरी बाजू अशी की, ज्या वाडीत सभामंडप झाला तिच्या शेजारच्या वाडीला तो न झाल्याचे श्रेयही विद्यमान आमदारालाच मिळते.

आचारसंहिता लागल्यावर हा फायदा थांबतो का?

अंशतः. निवडणुकीची घोषणा होताच आदर्श आचारसंहिता लागू होते; २०२४ मध्ये ती १५ ऑक्टोबरला लागू झाली. त्यानंतर नव्या योजना वा निधी जाहीर करणे, सरकारी खर्चाने जाहिराती देणे, मंत्र्याने शासकीय दौरा प्रचाराला जोडणे, सरकारी वाहन प्रचारासाठी वापरणे आणि विश्रामगृहांवर एकाच पक्षाने ताबा ठेवणे यांना मनाई असते. आमदार निधीतून नव्याने रक्कम सोडता येत नाही, आणि कार्यादेश निघूनही प्रत्यक्ष जागेवर सुरू न झालेले काम सुरू करता येत नाही. सुरू असलेले काम मात्र चालू राहते. म्हणूनच घोषणेच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत भूमिपूजनांची घाई दिसते. आचारसंहिता शेवटचा महिना समान करते. आधीचे ५९ महिने तिच्या कक्षेबाहेर असतात.

आमदाराविरुद्धची नाराजी आणि सरकारविरुद्धची नाराजी यांत फरक कसा करायचा?

या दोन गोष्टी एकत्र मोजल्या की निकालाचा अर्थ चुकतो. मे-जून २०२४ मध्ये लोकसभेच्या राज्यातील ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या, तेव्हा राज्य सरकारविरुद्ध लाट आहे असा निष्कर्ष जवळपास सर्वांनी काढला. पाच महिन्यांनंतर त्याच मतदारांनी विधानसभेच्या २८८ जागांपैकी भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा दिल्या. मधल्या काळात ऑगस्ट २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये पात्र महिलांच्या खात्यात जमा होऊ लागले होते. विरोधकांनी सत्तेत आल्यास ३,००० रुपये देण्याचे आश्वासन दिले. आश्वासनाची रक्कम दुप्पट असली तरी एकाचा हप्ता खात्यात होता आणि दुसऱ्याचा जाहीरनाम्यात. सत्तेत असण्याचा फायदा म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते. एकाच योजनेने निकाल ठरला असे म्हणणे मात्र अतिशयोक्ती होईल. आघाड्यांमधील जागावाटप, प्रचारयंत्रणा आणि सामाजिक ध्रुवीकरण हे घटकही त्यात होते.

या निकालात विरोधी पक्षांतील विद्यमान आमदार मोठ्या प्रमाणावर पडले. संगमनेरमध्ये १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आलेले बाळासाहेब थोरात यांना शिवसेनेच्या अमोल खताळ यांनी हरवले, आणि कराड दक्षिणमध्ये माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण भाजपच्या अतुल भोसले यांच्याकडून पराभूत झाले. हे नेते विद्यमान होते, पण सत्ताधारी नव्हते. त्यांना मतदारसंघाची जबाबदारी होती आणि राज्याची तिजोरी मात्र दुसऱ्याच्या हातात होती. विरोधी पक्षातील विद्यमान आमदाराची ही कोंडी ‘सत्ताविरोधी लाट’ या शब्दात कोठेच बसत नाही.

विद्यमान आमदार पुन्हा निवडून येण्याची शक्यता खरोखर अधिक असते का?

अमेरिकेच्या राज्य विधिमंडळांत पुन्हा उभे राहणारे बहुसंख्य सदस्य सहज निवडून येतात, आणि ‘विद्यमानाला फायदा’ हे गृहीतक मुख्यतः तेथून आले आहे. भारतात चित्र वेगळे आहे. अगदी थोड्या मतांनी जिंकलेले आणि अगदी थोड्या मतांनी हरलेले उमेदवार पुढच्या निवडणुकीत कसे वागतात, याची तुलना करणाऱ्या अभ्यासांत आपल्या राज्य विधानसभांमध्ये विद्यमान असणे तोट्याचे ठरते आणि १९९१ नंतर हा तोटा वाढला, असे आढळले आहे. या पद्धतीचा फायदा असा की, जेमतेम जिंकलेला आणि जेमतेम हरलेला हे दोघे ताकदीने जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे पुढे दिसणारा फरक पदाचाच असतो.

अर्थात, हा निष्कर्ष चुरशीच्या जागांपुरता आहे. लाखाच्या फरकाने बारामती जिंकणाऱ्या अजित पवारांना तो लागू करणे योग्य नव्हे. आणि वेळही पाहावी लागते. कसबा पेठेतील मार्च २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी भाजपचे हेमंत रासने यांना हरवले. अवघ्या वीस महिन्यांनी धंगेकर विद्यमान म्हणून उतरले आणि रासने आव्हानवीर म्हणून जिंकले. पोटनिवडणुकीतील विजयाकडे लाट म्हणून पाहणाऱ्यांनी हा मतदारसंघ लक्षात ठेवावा.

खर्चाच्या मर्यादेचा लाभ कोणाला होतो?

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये खर्च करता येतो. ही मर्यादा जानेवारी २०२२ पासून आहे. स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि निकालापासून ३० दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. तो न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मात्र पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारावरील आणि नोंद झालेल्या स्टार प्रचारकांच्या प्रवासावरील खर्च या मर्यादेत धरला जात नाही, त्यामुळे मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला, तो विद्यमान असो वा नवा, ही मर्यादा फारशी जाचत नाही. अपक्ष आव्हानवीरासाठी मात्र तिचा अर्थ वेगळाच असतो, कारण इतके पैसेच त्याच्याकडे नसतात.

तिसरा उमेदवार, बंडखोर आणि ‘नोटा’ यांचा परिणाम किती?

सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, निम्म्याहून अधिक मतांची अट नाही. म्हणून विरोधी मते विभागली की विद्यमान आमदार अल्पमतानेही वाचतो. २०२४ मध्ये ४,१३६ उमेदवार रिंगणात होते, म्हणजे एका जागेमागे सरासरी चौदा. त्याच निवडणुकीत साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आणि मालेगाव मध्यमध्ये मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी जिंकले. अशा ठिकाणी कोणताही किरकोळ उमेदवार निकाल फिरवू शकतो. एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशापेक्षा अधिक मते न मिळाल्यास अनामत जप्त होते.

‘नोटा’चा (‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाचा) परिणाम निकालावर होत नाही, पण संकेत म्हणून तो बोलका असू शकतो. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ साली ‘नोटा’ला २७ हजारांहून अधिक मते मिळून तो दुसऱ्या स्थानी राहिला आणि धीरज देशमुख मोठ्या फरकाने निवडून आले. पाच वर्षांनी समोर भाजपचे रमेश कराड असा खरा प्रतिस्पर्धी आला, तेव्हा देशमुख पराभूत झाले.

विद्यमान आमदाराच्या कामाची माहिती मतदाराला कोठे मिळते?

नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्र प्रत्येक उमेदवाराला द्यावे लागते. त्यात स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता आणि देणी, पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणांतील उत्पन्न, गुन्हेगारी खटले व शिक्षण यांचा तपशील असतो. विद्यमान आमदाराची मागच्या वेळची आणि आताची प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून वाचावीत. कोणत्याही भाषणापेक्षा ती अधिक सांगतात. गेल्या दहा वर्षांत शासकीय निवासस्थान वापरले असल्यास भाडे, वीज, पाणी आणि दूरध्वनीची थकबाकी नसल्याचेही त्यात नमूद करावे लागते. विधानसभेचे कामकाज, प्रश्न व उत्तरे विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. आव्हानवीराची अशी नोंद नसते, म्हणून तो जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा सहकारी संस्थेत काय करत होता, हे विचारणे हाच त्याला तपासण्याचा मार्ग आहे.

विद्यमान आमदार निवडणुकीपूर्वीच अपात्र ठरू शकतो का?

ठरू शकतो. दोन वर्षे किंवा अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाल्यास सदस्यत्व तत्काळ जाते. अपिलासाठी तीन महिने पदावर राहण्याची जुनी सवलत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केली. शिक्षा भोगून झाल्यावर पुढील सहा वर्षे निवडणूकही लढवता येत नाही. पक्षांतरबंदी कायद्याखाली अपात्र ठरलेल्याला मात्र पुन्हा निवडणूक लढवण्यास मज्जाव नाही, आणि त्या प्रकरणांचा निर्णय विधानसभा अध्यक्ष घेतात.

निकाल मान्य नसेल तर पराभूत उमेदवाराला काय करता येते?

मतमोजणी केंद्रातच फेरमोजणीची लेखी मागणी करता येते. ती मान्य करायची की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकारी कारणे देऊन ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून मतदारसंघातील पाच टक्के मतदानयंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची तपासणी मागता येते. तिचा खर्च आधी अर्जदाराने भरायचा असतो आणि छेडछाड आढळल्यास तो परत मिळतो. त्यापुढचा मार्ग म्हणजे उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. ती निकालापासून ४५ दिवसांच्या आत दाखल करावी लागते आणि त्या मतदारसंघातील कोणताही मतदारही ती दाखल करू शकतो.